डोंगरावर भात काहून रुसतो?

१८३५ सालचा मार्च महिना. चार्ल्स डार्विन नावाचा सव्वीस वर्षांचा तरुण दक्षिण अमेरिकेतला अँडीज पर्वत ओलांडत होता. पुढे हाच डार्विन उत्क्रांतीचा सिद्धान्त मांडून जगभर गाजला. पण त्या वेळी त्याच्यापुढचा प्रश्न अगदी चुलीपुढचा होता: बटाटे का शिजत नाहीत?

मुक्काम खूप उंचावर पडला होता. पाणी खळखळ उकळत होतं, त्यात बटाटे नाचत होते. रात्रभर भांडं विस्तवावर राहिलं. सकाळी पुन्हा उकळलं. तरी बटाटे टणक ते टणकच! मग डार्विनच्या दोघा सोबत्यांनी आपसात चर्चा केली आणि निकाल दिला. हे भांडं नवीन आहे ना, त्या मेल्याच्या मनातच नाही बटाटे शिजवायचं!

आता सांगा, भंडाऱ्याच्या पोरांनी हे ऐकून गप्प बसायचं? पितळेच्या भांड्यांसाठी आपलं गाव ओळखलं जातं. घरात आजीचा एखादा जुना पितळी गंज असतोच, ज्यात पंगतीचा भात रटरटतो. भांड्यावर असा आळ आलेला आपण कसा चालवून घेऊ? तेव्हा आज आपण भांड्याचे वकील. आणि वकिलाने घरी बसून भागत नाही, त्याला जागेवर जाऊन पुरावे गोळा करावे लागतात. म्हणून चला, एखाद्या उंच गावाला जाऊ. फिरू, चढू, तिथलं खाऊ आणि दर पावलाला विचारू, ‘काहून?’

तीनशे किलोमीटरचा सपाट रस्ता

भंडारा समुद्रसपाटीपासून साधारण २५० मीटर उंचीवर आहे. वैनगंगा, तलाव आणि धानाच्या बांध्या. चढाची सवय म्हणावी तर तुमसरकडचा आंबागड किल्ला. पण खरं डोंगरावरचं गाव हवं असेल, तर विदर्भात नाव एकच, चिखलदरा. अमरावती जिल्ह्यात, सातपुड्याच्या गाविलगड डोंगररांगेत, सुमारे ११०० मीटर उंचीवर.

निघण्याआधी दप्तरात दोन वस्तू टाका. एक, चिप्सचं न फोडलेलं पाकीट. दोन, घट्ट झाकणाची रिकामी प्लास्टिकची बाटली. पाकीट वाटेत फोडायचं नाही हं! तो आपला पुरावा आहे. पुरावा खाल्ला तर खटला बुडेल.

भंडाऱ्याहून राष्ट्रीय महामार्ग ५३ धरला की तो नागपूरवरून थेट अमरावतीला नेतो. तिथून उत्तरेकडे वळायचं, परतवाडा गाठायचं, की समोर सातपुडा उभा. सगळा प्रवास जवळजवळ तीनशे किलोमीटरचा. गंमत बघा, नागपूरची उंची ३१० मीटरच्या आसपास, अमरावतीची ३४० च्या आसपास. म्हणजे अर्धा दिवस गाडी धावली, तरी आपण वर चढलो ते जेमतेम शंभर मीटर! आणि परतवाड्यापुढे शेवटच्या तीसेक किलोमीटरच्या घाटात चढायचे आहेत सातशे. इथेच आपल्या पुराव्यांना सुरुवात होणार.

पुरावा पहिला: कानात ‘टक्’

घाटाची वळणं सुरू झाली. थोड्या वेळात कानात दडे बसल्यासारखे वाटतात. आई म्हणते, “थुंकी गिळ.” गिळली, आणि ‘टक्’! कान मोकळे. आता दप्तरातून चिप्सचं पाकीट काढा. घरी होतं त्यापेक्षा फुगलंय की नाही? कोणी हवा भरली त्यात?

कोणीच नाही. आतली हवा तेवढीच आहे, बाहेरची हलकी झाली.

हवेला वजन असतं. रिकाम्या हातावर काही जाणवत नाही, म्हणून आपल्याला ते खरं वाटत नाही. पण आपल्या डोक्यावर हवेचा किती तरी किलोमीटर उंच थर आहे. समुद्रकाठी जमिनीच्या दर चौरस सेंटीमीटरवर त्याचा भार सुमारे एक किलो पडतो. दर चौरस सेंटीमीटरवर, म्हणजे नखाएवढ्या जागेवर! तुमचा तळहात पन्नास चौरस सेंटीमीटरचा धरला, तर त्यावर पन्नास किलोचा भार आहे. आत्ता, हे वाचतानाही. मग हात खाली का जात नाही? कारण हवा फक्त वरून दाबत नाही, ती खालून आणि बाजूंनीही तेवढीच दाबते. आपल्या शरीराच्या आतूनही तेवढाच दाब बाहेर येत असतो. सगळीकडून सारखी रेटारेटी, म्हणून कोणीच जिंकत नाही.

आता घरातली गोधड्यांची चळत डोळ्यांसमोर आणा. सगळ्यांत खालची गोधडी पार चपटी झालेली, सगळ्यांत वरची मात्र फुगीर. हवेचंही तसंच. खालच्या हवेवर वरच्या सगळ्या हवेचा भार, म्हणून ती दाट. आपण डोंगर चढतो तेव्हा काही गोधड्या आपल्या खाली राहतात, वरच्या तेवढ्या कमी उरतात. म्हणून वरची हवा विरळ आणि तिचा दाबही कमी. भंडाऱ्याहून चिखलदऱ्याला गेलात की हवेचा जवळजवळ दहावा भाग खाली राहतो. तळहातावरचे पन्नासातले पाच किलो उतरले, आणि तुम्हाला पत्ताही नाही!

पण कानाला पत्ता लागतो. कानाच्या पडद्यामागे एक छोटीशी हवेची खोली असते. तिच्यातली हवा भंडाऱ्याची, दाट. बाहेरची चिखलदऱ्याची, विरळ. आतली हवा पडद्याला बाहेर ढकलते आणि दडे बसतात. या खोलीतून एक बारीक नळी घशात उघडते. एरवी ती मिटलेली असते. थुंकी गिळली किंवा जांभई दिली की ती क्षणभर उघडते, जास्तीची हवा निसटते आणि ‘टक्’ होतं. चिप्सच्या पाकिटाला बिचाऱ्याला अशी नळी नाही, म्हणून ते फुगूनच बसतं.

डोंगरावर पारा नेणारा माणूस

ही गोष्ट माणसाला कळली कशी? फ्रान्समध्ये ब्लेझ पास्काल नावाचा शास्त्रज्ञ होता. दाब मोजायच्या एककाला आज ‘पास्कल’ म्हणतात, ते याच्याच नावावरून. त्या काळी पाऱ्याने भरलेली काचेची नळी पाऱ्याच्याच भांड्यात उलटी उभी करून हवेचा दाब मोजता यायचा. हवा भांड्यातल्या पाऱ्यावर दाबते आणि नळीतला पारा उभा धरते. पास्कालने विचार केला, हवेला खरंच वजन असेल, तर डोंगरावर हा पारा खाली यायला हवा.

पास्कालची तब्येत नाजूक. म्हणून त्याने आपल्या मेहुण्याला गळ घातली. फ्लोरिन पेरिए त्याचं नाव. १९ सप्टेंबर १६४८ रोजी पेरिए नळी आणि पारा घेऊन पुई द डोम नावाचा डोंगर चढला. त्याची उंची १४६५ मीटर, आपल्या चिखलदऱ्यापेक्षा थोडी जास्त. शिखरावर मोजलं तर काय, पारा पायथ्यापेक्षा सुमारे आठ सेंटीमीटर खाली!

पेरिएची खरी हुशारी पुढेच आहे. निघताना त्याने तशीच दुसरी नळी पायथ्याच्या गावातल्या मठात ठेवली होती, आणि एका धर्मगुरूला सांगितलं होतं की दिवसभर हिच्यावर डोळा ठेवा. तो पारा जागचा हलला नाही. म्हणजे पारा उतरला तो हवामान बदलल्यामुळे नाही, फक्त उंचीमुळे. प्रयोग करताना एक गोष्ट बदलायची आणि तुलनेसाठी एक जशीच्या तशी ठेवायची, हा धडा त्याने पावणेचारशे वर्षांपूर्वी घालून दिला. आपणही चिप्सचं एक पाकीट घरीच ठेवून आलो असतो, तर काय बहार झाली असती!

तुम्ही मात्र पाऱ्याच्या नादी लागू नका, तो विषारी असतो. काही मोबाइल फोनमध्ये दाब मोजायची सोय असते. बाबांच्या फोनमध्ये ती असेल, तर घाटाच्या पायथ्याशी आणि माथ्यावर आकडा बघून वहीत लिहा. मग तुम्हीही पेरिएच!

सूर्याच्या जवळ गेलो, तरी थंड काहून?

पोहोचलो एकदाचे चिखलदऱ्याला! गाडीतून उतरताच गार वारं अंगाला लागतं. मे महिन्यात भंडाऱ्यात पारा ४३–४४ अंशांवर जातो, तेव्हा इथे पाच-सहा अंश कमी असतात.

पण थांबा. आपण तर सूर्याच्या जवळ आलो ना? मग जास्त तापायला नको? हिशेब करू. सूर्य आपल्यापासून सुमारे पंधरा कोटी किलोमीटर दूर. त्यातलं एक किलोमीटरही आपण धड कापलं नाही. सूर्याच्या दृष्टीने भंडारा काय आणि चिखलदरा काय, एकाच अंगणात.

खरी गोष्ट अशी की सूर्याचं ऊन हवेतून आरपार जातं आणि हवेला फारसं तापवत नाही. ते जमिनीला तापवतं आणि तापलेली जमीन हवेला. म्हणजे हवेची शेगडी खाली आहे, वर नाही. जमिनीलगतची गरम हवा वर चढते. वर दाब कमी, म्हणून ती पसरते. आणि पसरताना ती गार होते.

खोटं वाटतं? सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व दाबून हवा सोडा आणि बोट पुढे धरा. गार लागेल. आतली कोंडलेली हवा बाहेर येऊन पसरली आणि गार झाली. डोंगरावर चढणाऱ्या हवेचं तेच होतं. साधारण एक किलोमीटर वर गेलं की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. भंडारा ते चिखलदरा फरक साडेआठशे मीटरचा. करा गुणाकार. येतात ना साडेपाच अंश?

पावसाळ्यात हीच हवा ढग बनवते. वाफेने भरलेलं वारं सातपुड्यावर आपटलं की त्याला वर चढण्यावाचून इलाज नसतो. वर चढलं की गार होतं, आणि गार हवेत वाफ मावत नाही. तिचे थेंब होतात. भंडाऱ्यातून मान वर करून बघायचे ते ढग इथे रस्त्यावर उतरतात. समोरचा माणूस दिसत नाही आणि चष्म्यावर पाणी जमतं. पावसाळ्यात चिखलदऱ्याचे सगळे धबधबे जागे होतात, ते याच गार होणाऱ्या हवेमुळे.

कॉफीला कोणी बोलावलं?

चिखलदऱ्यात फिरताना मोठ्या झाडांच्या सावलीत गर्द हिरव्या, चकचकीत पानांची झुडपं दिसली तर थांबा. ती कॉफी! हो, विदर्भात, जिथे उन्हाळ्यात डांबर वितळतं, तिथे कॉफी पिकते.

१८२३ साली हैदराबादच्या पलटणीतला कॅप्टन रॉबिन्सन हा इंग्रज अधिकारी इथे आला. इथली गार हवा बघून इंग्रजांना आपला देश आठवला, आणि उन्हाळ्यात पळून येण्यासाठी त्यांनी हे गाव धरलं. पुढे त्यांनीच इथे कॉफी लावली. कॉफी मोठी नखरेल. तिला कडक ऊन नको, कडाक्याची थंडी नको, मुळाशी साचलेलं पाणी तर मुळीच नको. सावली हवी, पाऊस हवा आणि उतारावरची जमीन हवी. भंडाऱ्याच्या बांधीत तिला लावलं तर ती चार दिवसांत माना टाकेल. पण इथे साडेपाच अंशांचा फरक तिच्या मदतीला येतो. झुडपाला आधी पांढरी, सुवासिक फुलं येतात. मग हिरवी फळं, आणि पिकली की लालचुटूक. एका फळात बहुतेक वेळा दोन बिया, एकमेकींकडे सपाट तोंड करून बसलेल्या. त्या वाळवून, भाजून, दळल्या की कॉफी.

अलीकडे चिखलदऱ्याजवळच्या मोथा गावात स्ट्रॉबेरीही पिकू लागली आहे. तिलाही हिवाळ्यातली गार हवाच आवडते.

आता खटल्याची सुनावणी: भाताचं काय?

फिरून भूक लागली. समजा, आजीने हौसेने घरचा पितळी गंज सोबत आणलाय आणि भंडाऱ्याचा तांदूळही. तीन दगडांची चूल मांडली, आधण ठेवलं. पाणी उकळलं, तांदूळ वैरला. घड्याळ लावून बसा. घरच्या वेळेला आजी शीत दाबून बघते आणि कपाळाला आठी घालते. “काहून बाप्पा? अजून कणी आहे!”

पाणी उकळतं म्हणजे काय होतं? पाण्याच्या पोटात वाफेचे बुडबुडे तयार होतात. पण बाहेरची हवा पाण्याला वरून दाबत असते. बुडबुड्याच्या आतल्या वाफेचा जोर हवेच्या दाबाइतका झाला, तरच बुडबुडा टिकतो. नाही तर तो जागच्या जागी चिरडला जातो. पाणी जितकं तापतं, तितका वाफेचा जोर वाढतो. समुद्रकाठी हा जोर १०० अंशांना पुरेसा होतो. म्हणूनच पुस्तकात लिहिलेलं असतं, पाणी १०० अंशांना उकळतं.

पण डोंगरावर दाबणारी हवाच कमी. तिथे वाफेला तेवढा जोर काढावाच लागत नाही. ती लवकर जिंकते आणि पाणी कमी तापमानालाच उकळू लागतं. साधारण दर तीनशे मीटरला एक अंश कमी, असा ढोबळ हिशेब धरा. भंडाऱ्यात पाणी ९९ अंशांच्या आसपास उकळतं. चिखलदऱ्यात ९६ च्या आसपास. लडाखमधलं लेह ३५०० मीटर उंच आहे, तिथे ८८. आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर जेमतेम सत्तर!

भात काही खळखळण्याने शिजत नाही, तो उष्णतेने शिजतो. पाणी कितीही उड्या मारत असलं, तरी ते ९६ अंशांचंच असेल, तर दाणा सावकाशच मऊ होणार. चिखलदऱ्यात थोडा जास्त वेळ दिला की काम भागतं. अँडीजमध्ये डार्विनचा मुक्काम याहून कितीतरी उंच होता. तिथलं पाणी नुसतंच उकळत होतं, बटाटे शिजवण्याइतकं तापत नव्हतं. स्वतः डार्विनला हे कारण माहीत होतं. त्याच्या सोबत्यांना मात्र भांड्याशिवाय दुसरा आरोपी सापडला नाही.

तेव्हा न्यायाधीश महाराज, भांडं निर्दोष आहे! त्याला सन्मानाने सोडून द्यावं.

आणि लेहचे लोक काय करतात? कुकर लावतात! कुकर म्हणजे वाफेला कोंडून ठेवायची युक्ती. झाकणावरची शिटी वाफेला सहज बाहेर पडू देत नाही, आत दाब वाढत जातो. दाब वाढला की पाण्याला उकळायला जास्त तापावं लागतं. मैदानातल्या कुकरमध्ये ते १२० अंशांच्या आसपास जातं. डोंगराने काढून घेतलेला दाब कुकर परत देतो, वर व्याजही देतो.

डोंगरातल्या ताटात काय?

भात मागाहून येईल. तोवर इथल्या लोकांचं जेवण बघू. चिखलदऱ्याच्या भोवतालचा डोंगराळ मुलूख म्हणजे मेळघाट. तिथे कोरकू लोक राहतात. त्यांची कोरकू भाषा मुंडा कुळातली, म्हणजे इथून शेकडो किलोमीटर पूर्वेला, झारखंडात बोलल्या जाणाऱ्या मुंडारी आणि संथाळीची बहीण.

कोरकूंच्या शेतात ज्वारी, मका आणि कुटकी दिसते. कुटकी हे मोहरीसारखं बारीक तृणधान्य. ती सोलून तांदळासारखाच तिचाही भात करतात. आपल्याकडे धान, तर इथे कुटकी, हे काहून? उत्तर पायाखाली आहे. धानाला बांधीत साचलेलं पाणी लागतं. आपली जमीन सपाट, बांध घातला की पाणी थांबतं, शिवाय उशाशी तलाव. इथे जमीन उताराची, मातीचा थर पातळ, पाऊस पडला की धावत दरीत. कुटकी म्हणते, मला एवढंही चालेल! हलक्या जमिनीत, थोड्या पाण्यात ती तीनेक महिन्यांत पिकते. आणि दाणा बारीक असल्यामुळे उष्णता लगेच आतपर्यंत पोहोचते, म्हणून शिजायलाही वेळ लागत नाही. सोबत ज्वारीची भाकर, झुणका आणि मिरचीचा ठेचा. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला निखाऱ्यावर भाजलेलं मक्याचं कणीस. भाजण्याला पाणी लागत नाही, त्यामुळे कणसाला उंचीचं काही सोयरसुतक नाही!

आणि गोड? खवा आणि रबडी. चिखलदऱ्याला आलेला माणूस खवा घेतल्याशिवाय परतत नाही. मेळघाटात गाई-म्हशी पाळणारे गवळी पिढ्यान् पिढ्या राहतात. जनावरांना चरायला रान आहे, दूधही भरपूर. पण दूध विकायचं कुणाला? शहर दूर, वाट घाटाची, आणि दूध तर काही तासांत नासतं. मग दुधातलं पाणी उडवायचं! म्हशीच्या दुधातही ऐंशी टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. मोठ्या, पसरट लोखंडी कढईत दूध आटवत ठेवतात आणि खालून लागू नये म्हणून उलथण्याने सारखं ढवळत राहतात. कढई पसरट, कारण जितकी जागा उघडी, तितकी वाफ लवकर उडते. लिटरभर दुधाचा पाव किलोपेक्षा कमीच खवा उरतो. दूध नासवणाऱ्या जिवाणूंना जगायला पाणी लागतं. पाणी गेलं की त्यांचे हाल, आणि खवा दुधापेक्षा जास्त दिवस टिकतो. डब्यातून सांडत नाही, वजनही कमी. घाट उतरायला एकदम तयार!

रबडीची युक्ती थोडी वेगळी. तापत्या दुधावर साय धरते, ती अलगद कढईच्या काठाला लावायची. पुन्हा साय, पुन्हा काठाला. शेवटी ते सगळे थर आटलेल्या दुधात परत सोडायचे. एकाच दुधातून एक मऊ गोळा आणि एक लच्छेदार रबडी. खा, पण पाकीट अजून फोडायचं नाही, लक्षात आहे ना?

चला गडावर

पोटात भर पडली, आता पाय मोकळे करू. चिखलदऱ्याजवळच गाविलगड किल्ला आहे. बहमनी सुलतान अहमदशाहने तो पंधराव्या शतकात बांधायला घेतला. त्याच्या दरवाजावर दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी कोरलेला आहे, तो शोधा. पुढे गड नागपूरकर भोसल्यांकडे आला. त्या काळी आपला भंडाराही त्यांच्याच राज्यात. १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या सैन्याने लढून तो घेतला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ साली त्याने वॉटर्लूच्या लढाईत नेपोलियनला हरवलं.

गडावर चालताना पायाखाली काळा दगड दिसेल, तो बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर बसले आणि हे डोंगर झाले. आपल्या तुमसर तालुक्यातले, मॅंगनीजच्या खाणी असलेले खडक मात्र याहून किती तरी जुने, शंभर कोटी वर्षांपलीकडचे. उंची चिखलदऱ्याची मोठी, पण वयाने भंडाराच आजोबा!

चढताना दम लागतो. मग कोणीतरी शहाणपणाने म्हणतं, “वर ऑक्सिजन नसतो ना, म्हणून.” त्याला थांबवा. हवेत ऑक्सिजनचा वाटा सगळीकडे सारखाच, सुमारे २१ टक्के. फक्त हवाच विरळ, म्हणून एका श्वासात तो थोडा कमी येतो. चिखलदऱ्याला हा फरक इतका लहान आहे, की लागलेला दम बहुतेक चढाचा आणि मघाच्या रबडीचा. लेहची गोष्ट वेगळी. तिथे एका श्वासात समुद्रकाठच्या मानाने जवळजवळ एक तृतीयांश ऑक्सिजन कमी मिळतो. म्हणून तिथे विमानाने गेलेल्या माणसाला पहिले एक-दोन दिवस नुसतं आराम करायला सांगतात. तेवढ्यात शरीर श्वास वाढवतं, आणि पुढच्या काही आठवड्यांत रक्तात तांबड्या पेशी जास्त बनवू लागतं.

परतताना पंचबोल पॉइंटला थांबा. इथे हाक मारली की दऱ्यांतून ती पाच वेळा परत येते, असं म्हणतात. मोजून बघा, आणि सोबत एक हिशेबही करा. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. टाळी वाजवल्यावर प्रतिध्वनी एका सेकंदाने आला, तर आवाज कड्यापर्यंत जाऊन परत आला, म्हणजे कडा १७० मीटर दूर. दोन सेकंद लागले तर? मोजपट्टी न लावता दरी मोजली की नाही! मात्र कठड्याच्या आतून, मोठ्यांचा हात धरून आणि उजेड असतानाच. बाजूचं रान मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचं आहे. १९७३ मध्ये देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होतं. संध्याकाळनंतर तिथे आपण पाहुणे आणि घरमालक दुसरेच.

करून पाहा

आता ती रिकामी बाटली. चिखलदऱ्यात तिचं झाकण उघडा, थोडा वेळ सावलीत ठेवा आणि पुन्हा घट्ट लावा. घाट उतरून परतवाड्याला आलात की बाटलीकडे बघा. तिची गालफडं बसलेली दिसतील. घाटात फुगलेलं पाकीट आणि चेपलेली बाटली, दोघांचं कारण एकच की दोन वेगळी? वहीत लिहा. चिप्स आता खायला हरकत नाही.

आणि हे एक कोडं, घरातल्या मोठ्यांनाही घाला. चिखलदऱ्यात भात शिजायला वेळ लागतोय, पाणी आधीच खळखळतंय. मामा म्हणतो, “जाळ वाढव, लवकर शिजेल.” आजी म्हणते, “जाळ कमी कर, वरून झाकण ठेव आणि झाकणावर दगड.” एकाचं ऐकलं तर नुसतं सरपण जळेल, दुसऱ्याचं ऐकलं तर भात थोडा लवकर होईल. बरोबर कोण, आणि काहून? उकळत्या पाण्याखाली जाळ वाढवला तर वाढतं काय, पाण्याचं तापमान की नुसती वाफ? एवढं सापडलं की उत्तर तुमच्या हातात. मग ते स्वयंपाकघरात जाऊन मोठ्याने सांगा, म्हणजे भंडाऱ्यातही रोजचा गॅस थोडा वाचेल!